आडतीचा गाळा आणि काचेचे दुकान

तुमच्या घरी देवळीत, पेटीच्या तळाशी किंवा खिळ्याला टांगलेल्या तारेत टोचून ठेवलेल्या आडतीच्या जुन्या पट्ट्या असतील. आज सवड काढून त्यांतली एखादी खाली घ्या आणि वाचा. वर दुकानाचे नाव, मग तुमचे नाव आणि गाव, पोत्यांची संख्या, वजन, भाव, एकूण रक्कम. त्याखाली 'वजा' हा शब्द आणि त्याच्या पोटात हमाली, तोलाई, कुठे चाळणीचे पैसे, कुठे आधी घेतलेली उचल. अगदी तळाशी तुमच्या हाती आलेला आकडा. माझी आजी शाळेत गेलेली नव्हती, पण 'वजा'च्या खालचे सगळे तिला कळत असे. बाबा लातूरहून परतले की ती भाव विचारत नसे. "कापलं किती?" एवढेच विचारी.

ही पट्टी हातात असू द्या, कारण आज बोलायचे आहे ते दुकानांविषयी. एक दुकान आपला माल घेणाऱ्या आडत्याचा गाळा. दुसरे शहरातले काचेचे मोठे दुकान, ज्याला सुपरमार्केट म्हणतात, जिथे आपलीच तूर डाळ होऊन, पाकिटात बसून विकायला येते. चांगल्या दिवसांत दोन्ही गोड बोलतात. दिवस फिरले म्हणजे ती माल देणाऱ्याशी, राबणाऱ्याशी आणि गावाशी कशी वागतात, हे आपण नीट पाहिले पाहिजे. शहरातल्या मोठ्या दुकानाला थेट माल द्यावा अशी बोलणी आता पुष्कळ घरांत चालू आहेत. मुलगा म्हणतो देऊ, म्हातारा म्हणतो नको. दोघांचेही थोडे थोडे खरे आहे.

आधी आपल्या ओळखीच्या गाळ्याकडे चला. लातूरला गंजगोलाईतून 16 रस्ते फुटतात आणि मधोमध अंबाबाईचे देऊळ आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. भुसार मालाचा मोठा व्यवहार आडत बाजारात चालतो. नांदेडकडची मंडळी त्यालाच मोंढा म्हणतात. लातूरला आज सोयाबीन काय निघाले, तूर काय निघाली, हे विचारल्याशिवाय आसपासच्या तालुक्यांत सौदा ठरत नाही. इथे आडत्या हा माल घेणारा नसतो, विकून देणारा असतो. घेणारा खरेदीदार वेगळा, डाळ मिलवाला किंवा तेल गिरणीवाला. पण आपल्याला तोंड ओळखीचे असते ते आडत्याचेच, कारण पेरणीच्या तोंडाला बियाण्याला पैसे कमी पडले की आपण त्याच्याच गादीवर जाऊन बसतो.

1972 साली लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. दुष्काळ असा की माणसे खडी फोडायला गेली, रोजगार हमीच्या कामावर लेकरांना सुकडी मिळाली आणि रेशनवर तांबडा मिलो आला. आमच्या घरचा जोंधळा सरला तेव्हा बाबा आडत्याकडे गेले. त्याने दोन पोती जोंधळा दिला आणि वहीत लिहून ठेवले. व्याज किती हे बाबांनी विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही. पुढची पाच वर्षे आमचा माल दुसऱ्या गाळ्यावर गेला नाही. शेजारी क्विंटलमागे चार रुपये जास्त मिळत असले तरी नाही. त्या माणसाने आम्हाला जगवले असे बाबा मरेपर्यंत म्हणत. आई म्हणायची, दोन पोत्यांची दहा पोती झाली. दोन्ही खरेच होते. दाव्याला बांधलेल्या जनावराला वेळेवर चारा मिळतो, आणि दावे असते म्हणूनच ते दुसऱ्याच्या बांधावर जात नाही. उचल हे असे दावे आहे. आडत्या वाईट दिवसांत हात देतो तो धर्म म्हणून कमी आणि पुढच्या सालचा माल आपल्याच गाळ्यावर यावा म्हणून जास्त. तरीपण देतो, हे विसरू नका. पुढे काचेच्या दुकानाचे पाहू तेव्हा हे आठवायचे आहे.

आता अलीकडची गोष्ट. 2015 साली पाऊस गेला, तूर पिकली नाही आणि शहरात डाळ किलोला 200 रुपयांच्या घरात गेली. सरकारने साठ्यावर मर्यादा घातली, व्यापाऱ्यांवर छापे पडले, 2016 मध्ये मोझांबिक देशाशी डाळ आणण्याचा करार झाला. इकडे भाव पाहून आपण सगळ्यांनी तूर पेरली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात लातूरला प्यायला पाणी उरले नव्हते. 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली आणि लोक ती पाहायला रुळाकडेला उभे राहिले. मग मात्र पाऊस असा झाला की तुरीची झाडे शेंगांनी वाकली. माल बाजारात आला आणि भाव कोसळला. हमीभाव बोनससह 5,050 रुपये, आणि बाजारात पुष्कळ ठिकाणी त्याहून हजार रुपये खाली सौदे झाले.

मग सगळे सरकारी खरेदी केंद्राकडे धावले. ट्रॅक्टर, टेम्पो, बैलगाड्या यांच्या रांगा लागल्या. माणसे पोत्यांवर झोपली. कधी बारदाना संपला म्हणून वजन बंद, कधी गोदाम भरले म्हणून बंद. 22 एप्रिल 2017 ला नाफेडची खरेदी थांबली तेव्हा कितीतरी गाड्या दारातच होत्या. ओरड झाल्यावर राज्य सरकारने दारात उभा असलेला माल घेण्याचे ठरवले. ज्याला घरी लग्न होते, दवाखाना होता, बँकेचा तगादा होता, त्याने रांगेतली गाडी वळवून गाळ्यावर नेली आणि पडेल त्या भावात दिली. थांबायला ज्याच्या घरी दाणा होता त्याला भाव मिळाला. आमच्या भावकीतल्या एकाने रांगेत नऊ दिवस काढले आणि दहाव्या दिवशी गाडी वळवली. अजूनही तो आकडा सांगताना त्याचा आवाज चढतो.

पुढच्या साली, ऑगस्ट 2018 मध्ये, हमीभावाखाली खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याला एक वर्ष कैद आणि 50,000 रुपये दंड करण्याचे सरकारने ठरवले. ऐकायला किती बरे वाटले! परंतु राज्यातल्या अनेक बाजार समित्यांत व्यापाऱ्यांनी खरेदीच थांबवली. बाहेर भाव नाही तर आम्ही तोटा खाऊन कसे घ्यायचे, असे त्यांचे म्हणणे. मूग-उडीद खळ्यावर, पोळ्याचा सण तोंडावर, आणि गाळे बंद. माझे मत विचाराल तर हमीभावाचा कायदा हवाच, पण सरकार स्वतः काटा लावून उभे राहणार नसेल तर कायद्याची काठी शेवटी आपल्याच पाठीवर बसते.

अशा वेळी थांबता येण्यासाठी एक सोय आहे, ती पुष्कळांना माहीत नाही म्हणून सांगतो. राज्याच्या पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून चालू आहे. बाजार समितीच्या गोदामात तूर, सोयाबीन, हरभरा असा माल ठेवायचा, त्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम उचलायची, सहा महिन्यांपर्यंत, सालाला 6 टक्के व्याजाने. भाव आला की विकून फेडायचे. प्रत्येक समिती ती सारख्याच आस्थेने चालवते असे नाही. आपली समिती चालवते का, हे सचिवाला जाऊन विचारा. समितीच्या निवडणुकीत मत मागायला घरी येतात तेव्हा तर जरूर विचारा.

गाळ्यावर आणखी एक माणूस असतो, त्याच्याकडे आपण फार पाहत नाही. पाठीवर आपले पोते घेऊन फळीवरून ट्रकात चढणारा हमाल. त्याच्याच बाजूला चाळणी धरणाऱ्या आणि सांडलेले दाणे झाडून गोळा करणाऱ्या बाया. यांतले कितीतरी तुमच्या-आमच्या गावांतलेच, कोरडवाहू जमीन पोसेना म्हणून शहरात गेलेले. पट्टीवर हमाली वजा झालेली दिसली की आपल्याला वाटते यानेच कापले. पण त्याला पोत्यामागे मिळते, महिन्याचा पगार नाही. बाजार बंद म्हणजे त्याची चूल बंद. मार्च 2020 मध्ये करोनाची टाळेबंदी आली, बाजार कधी उघडे, कधी बंद, तेव्हा आडत्याने गाळ्याला कुलूप लावले तरी त्याच्या घरी धान्य होते, आपल्या घरीही होते. हमालाकडे नव्हते.

यांच्यासाठी महाराष्ट्राने 1969 साली माथाडी कायदा केला. अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईच्या माथाडी कामगारांना एकत्र आणून त्यासाठी लढा दिला होता. कायद्याने माथाडी मंडळे झाली. मालकाने मजुरी आणि त्यावर लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने हमालाला मजुरी द्यायची आणि त्याच्या नावे भविष्यनिधी, औषधपाणी यांची तरतूद ठेवायची. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभारली आणि तिने 1974 साली 'कष्टाची भाकर' सुरू केली, म्हणजे राबणाऱ्याला परवडेल असे जेवण. तालुक्याच्या बाजारांत हा कायदा अजून सगळीकडे पोचलेला नाही. हमालीच्या दरावरून हमाल आणि व्यापारी यांचे वाजते, बाजार बंद पडतो आणि आपण गाडी घेऊन फाटकात अडकतो. तेव्हा राग हमालावर निघतो. मला मात्र वाटते, आपण आणि तो त्या पट्टीवर एकाच बाजूला आहोत. तो फक्त एक ओळ खाली आहे.

बरे, आता काचेचे दुकान. तिथे गारवा असतो, माल मांडलेला असतो, भाव छापलेला असतो, काटा खरा असतो. गाळ्यावरची धूळ खाल्लेल्या माणसाला ते आवडणारच. मलाही आवडते. पण आत माल येतो कसा? ते दुकान बहुधा आपल्याकडून थेट पोते घेत नाही. डाळ मिल किंवा पुरवठादार माल देतो, आणि त्याला पैसे मिळतात महिन्याने, दोन महिन्यांनी. तोवर ते दुकान तीच डाळ रोखीने विकून मोकळे झालेले असते. म्हणजे भांडवल पुरवठादाराचे आणि धंदा दुकानाचा. मिलवाल्याचे पैसे अडकले की तो आडत्याचे अडकवतो, आडत्या आपले. साखळी सगळी उधारीची, आणि तिचे शेवटचे कडे आपल्या दारात असते.

चांगल्या दिवसांत ही साखळी फिरत राहते. वाईट दिवसांत काय होते याची दोन उदाहरणे आपल्या देशातलीच आहेत. चेन्नईला 1997 साली 'सुभिक्षा' नावाचे दुकान निघाले. बारा वर्षांच्या आत त्याच्या देशभर सुमारे 1,600 शाखा झाल्या, महाराष्ट्रातही होत्या. जागतिक मंदी आली, पैसा आटला आणि 2009 च्या सुरुवातीला शाखांना कुलपे लागली. कामगारांचे पगार महिनोन्‌महिने थकले. माल देणाऱ्यांची बाकी थकली.

दुसरे उदाहरण 'बिग बझार'चे, नाव तुमच्या मुलांनी ऐकलेले असेल. किशोर बियाणी यांनी 2001 मध्ये सुरू केले. 2020 च्या टाळेबंदीत त्यांच्या कंपनीचे कर्ज अंगावर आले. ऑगस्टमध्ये रिलायन्सला 24,713 कोटी रुपयांना व्यवसाय विकायचा करार झाला, पण अमेझॉनने त्याला कोर्टात हरकत घेतली. दोन बड्यांचे भांडण चालू असतानाच फेब्रुवारी 2022 मध्ये रिलायन्सने बरीच दुकाने जागांच्या भाडेकरारावरून ताब्यात घेतली. तिथल्या कामगारांना कामावर घेण्याची तयारी नव्या मालकाने दाखवली, ही बरी गोष्ट. मूळ कंपनी जुलै 2022 मध्ये दिवाळखोरीच्या कोर्टात गेली आणि 2024 मध्ये ती मोडीत काढण्याचा हुकूम झाला. आता कायदा पाहा. 2016 च्या दिवाळखोरी कायद्यात कंपनी मोडीत निघाली की पैसे वाटण्याची रांग ठरलेली आहे. आधी खर्च, मग तारण ठेवून घेतलेल्या बँका आणि कामगारांची दोन वर्षांपर्यंतची मजुरी, मग इतर नोकरांचे पगार, मग बिनतारणी कर्ज देणारे, मग सरकारी देणी. माल देणारा त्याच्याही मागे, 'उरलेली देणी' या खात्यात. तुरीच्या केंद्रावरची रांग निदान डोळ्यांना दिसत तरी होती.

हे आपल्याकडेच होते असे समजू नका. इंग्लंडमध्ये टेस्को हे सर्वांत मोठे सुपरमार्केट. 2014 मध्ये त्याचा धंदा बसला आणि नफ्याचा आकडा पंचवीस कोटी पौंडांहून अधिक फुगवला असल्याचे उघड झाले. त्या देशात 2013 पासून एक अधिकारी नेमलेला आहे. मोठी दुकाने माल देणाऱ्यांना नीट वागवतात की नाही, एवढेच पाहणे हे त्याचे काम. त्या जागी तेव्हा क्रिस्टीन टॅकन या बाई होत्या. त्यांनी चौकशी केली आणि जानेवारी 2016 मध्ये सांगितले की स्वतःचे हिशेब बरे दिसावेत म्हणून टेस्कोने माल देणाऱ्यांचे पैसे जाणूनबुजून अडवले, काहींचे तर दोन-दोन वर्षे. उलट, मार्च 2020 मध्ये करोना आला तेव्हा त्याच देशातल्या मॉरिसन्सने आपल्या लहान पुरवठादारांना मुदतीची वाट न पाहता लगेच पैसे द्यायचे ठरवले. म्हणजे मोठ्या दुकानाला चांगले वागताच येत नाही असे नाही. वर कुणीतरी पाहणारे असले की ते जरा सोपे जाते.

आपल्याकडे असा खास अधिकारी नाही. तरी दोन गोष्टी हाती आहेत. बाजार समितीत माल विकला तर चुकारा चोवीस तासांच्या आत व्हावा असा दंडक आहे आणि मान्यता नसलेली कपात पट्टीत धरता येत नाही. कडता, नमुन्याचे चार मूठ दाणे, 'शिरस्ता आहे' म्हणून कापलेला पाव किलो, याविषयी समितीकडे लेखी तक्रार करता येते. बिगर पट्टीचा माल देऊ नका, कच्च्या चिठ्ठीवर तर नकोच. दुसरे, 2006 च्या लघुउद्योग कायद्याने सूक्ष्म आणि लहान उद्योगाने दिलेल्या मालाचे पैसे फार तर 45 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. नुसत्या शेतीच्या मालाला हे लागू नाही. पण डाळ मिल, पापड, मसाला, चटणी असा प्रक्रियेचा उद्योग असेल आणि त्याची 'उद्यम' नोंदणी झालेली असेल, तर लागू आहे. नोंदणी फुकट होते. मात्र ती माल देण्याच्या आधी करावी.

आणि गावाचे काय? 2016 च्या त्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या किराणा दुकानदाराने चहा-साखर, तेल-मीठ पावसाळ्यापर्यंत वहीवर लिहिले. त्याचा भाव चढा असतो, काटा हलका असतो आणि पोरांना तो खोडा म्हणून माहीत आहे. तरी लिहिले. काचेच्या दुकानात गल्ल्यावर बसलेल्या मुलीला मनातून कितीही वाटले तरी तिच्यापुढच्या यंत्रात उधारीची कळ नाही. तीही आपल्यासारख्याच एखाद्या घरची असते.

शेवटी आमच्या गावच्या बायकांचे सांगतो. त्यांच्या बचत गटाने कारळाची आणि शेंगदाण्याची चटणी करून शहरातल्या एका मोठ्या दुकानाला द्यायला सुरुवात केली. नाव सांगत नाही. पहिले दोन महिने पैसे आले, बायकांनी पेढे वाटले. मग दुकानाचे दिवस पालटले म्हणे. बिल टाकले की साहेब रजेवर. त्यानंतर मुदत संपलेली पाकिटे परत आली आणि ती बिलातून वजा झाली. वास्तविक विकणे न विकणे दुकानाच्या हाती होते. करारात काय लिहिले आहे हे बायकांनी माझ्याकडून वाचून घेतले, तेव्हा 'न विकलेला माल पुरवठादाराने परत घ्यावा' ही ओळ त्यात होतीच. सही करताना कुणी वाचली नव्हती. उद्यम नोंदणीही तेव्हा झालेली नव्हती.

आता नोंदणी झाली आहे. गट त्या दुकानाला माल देत नाही. आठवडी बाजारात आणि लातूरच्या दोन किराणा दुकानांत देतो, निम्मे पैसे माल टाकतानाच घेतो. विक्री आधीपेक्षा कमी आहे. हिशेब ठेवणारी सून बारावी शिकलेली आहे. तिच्या वहीत डाव्या पानावर दिलेला माल, उजव्या पानावर आलेले पैसे, आणि पहिल्या पानावर लाल शाईने जुन्या दुकानाची बाकी लिहिलेली आहे, 6,480 रुपये.